‘आज फवारणी नको’ या वाक्याचे प्रायोजक

धामणगाव बढे येथील ऑनलाइन सेवा केंद्राचा चालक अकील याने ‘पतंगमोजणी’ नावाचे अ‍ॅप तयार केले, ते फुकट ठेवले आणि वर त्याचा आतला सगळा कोड जगाला उघडा करून दिला. कुणीही बघा, घ्या, दुरुस्त करा. एवढा भला माणूस पुढे अडचणीत येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

अ‍ॅप साधे होते. गुलाबी बोंडअळीने आदल्या हंगामात बीटी कपाशीचा पार भुगा केला होता. शेतात कामगंध सापळा लावायचा, रोज सकाळी त्यात बोंडअळीचे किती पतंग अडकले ते मोजून आकडा भरायचा. आकडा तीन दिवस आठाच्या वर राहिला तर अ‍ॅप म्हणे, ‘फवारणी करा.’ नाहीतर म्हणे, ‘आज फवारणी नको.’ अकीलचा सगळा जीव या दुसऱ्या वाक्यात होता. त्याचा शेतशेजारी पुंजाजी हंगामात नऊ-नऊ फवारण्या करी आणि चक्कर येऊन बांधावर पडे. अ‍ॅपमुळे तो तीनवर आला होता. त्याची बायको पुष्पाबाई अकीलला रोज आशीर्वाद देई.

बघता बघता चार हजार शेतकरी झाले आणि सर्व्हर नेमका सकाळी, मोजणीच्या वेळी, बंद पडू लागला. तेव्हा शंकरराव आले. ते एका औषध कंपनीचे प्रतिनिधी. आपल्याकडे विषाला औषध म्हणायची रीत आहे.

“सर्व्हरचा भार कंपनी उचलते,” शंकरराव म्हणाले. “आमची एकच अट. कोपऱ्यात नखाएवढा लोगो.”

“अ‍ॅपात हात घालणार नाही ना?”

“काय बोलून राह्यले अकीलभाऊ! कोड त उघडाच आहे. त्यात आम्ही काऊन हात घालू?”

नख महिनाभरात तळहाताएवढे झाले. मग डाउनलोडच्या पानावर ‘येथून घ्या’ असे हिरवेगार बटण आले. ते दाबले की कंपनीच्या औषधाची मागणी नोंदली जाई. शेजारी त्याहून मोठे बटण होते, तेही तेच करी. अ‍ॅपची खरी लिंक पार तळाला, राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत. रोहिणखेडच्या सईदमियांनी तीनदा बटण दाबले आणि त्यांच्या घरी तीन बाटल्या पोचल्या. त्यांचा फोन आला, “अकीलमियाँ, डाउनलोड तो आ गया. अब इसको मोबाइल में कैसा डालना?”

पुढे लोक कृषी केंद्रात जाऊन सरळ “दोन डाउनलोड द्या” म्हणू लागले. डाउनलोड दुप्पट झाल्याबद्दल कंपनीने अकीलचा शाल घालून सत्कार केला.

सत्कारानंतर पत्र आले. प्रायोजकाच्या लोगोखाली ‘नको’ हा नकारात्मक मजकूर आढळून आला असून तो ब्रँडच्या धोरणाशी विसंगत आहे.

“दवाखान्याच्या पाटीखाली ‘येऊ नका’ लिहितेत काय?” शंकररावांनी विचारले. “आम्ही वाक्य काढा नाही म्हणत. फक्त सौम्य करा.”

सर्व्हरकडे बघून अकीलने मान डोलावली. वाक्य ‘आज फवारणी नको, असे वाटते’ झाले. मग ‘आज फवारणी केली तरी हरकत नाही’ झाले. शेवटी वर हिरव्यात ‘फवारा!’ आणि मूळ वाक्य हवे असल्यास विहित नमुन्यात विनंती, सात दिवसांत उत्तर. कोड मात्र शेवटपर्यंत उघडा होता. कुणीही येऊन बघू शकले असते.

एका सकाळी पुंजाजी पाठीवर पंप घेऊन फवारताना दिसला.

“काका, सापळ्यात किती पतंग होते?”

“एक. थोही मेलेला.”

“मंग फवारता काऊन?”

“मोबाइल म्हणते ना! तूच त बनवला. तुह्यावर भरोसा ठेवून फवारून राह्यलो बे.”

पंपाचा दांडा मारत तो पुढच्या ओळीत शिरला. पुष्पाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर बसली होती, तिने अकीलकडे मान वळवूनही पाहिले नाही. अकीलला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्याने लगेच सगळ्यांना कळवले: ‘प्रायोजक काढून टाकतो. सर्व्हरसाठी वर्षाला फक्त एका चहाचे पैसे द्या. शुक्रवारपर्यंत जमले नाही तर कंपनीचा करार पुढे चालू होईल.’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून फिरत पुण्या-मुंबईपर्यंत गेला.

शुक्रवारपर्यंत अकरा हजार अंगठे आले. हात जोडलेले वेगळे, फुले वेगळी. ‘अकीलभाऊ, तुम्ही लढा, आम्ही सोबत आहोत.’ जानेफळच्या एका गुरुजींनी मुक्त सॉफ्टवेअरने कंपन्यांपुढे झुकू नये यावर दोन पाने लिहिली आणि शेवटी विचारले, अ‍ॅप फुकट आहे तर पैसे कशाले?

चहाचे पैसे एकाचेच आले. पुंजाजी चालत केंद्रात आला, दहाची नोट टेबलावर ठेवून म्हणाला, “मी धरून किती झाले?”

अकीलने वहीत ‘एक’ लिहिले. शनिवारी करार पुढे चालू झाला, रविवारी पुंजाजीची पाचवी फवारणी झाली, आणि या वेळी तो बांधापर्यंतही पोचला नाही. कापसाच्या ओळीतच पडला. ही बातमीही सगळीकडे फिरली. तुम्हालाही आली होती. तुम्ही तिच्याखाली रडका चेहरा टाकलात, त्याच गटात, अकरा हजारांतल्या तुमच्या अंगठ्याच्या थोडेसेच खाली.