श्रोत्यांचं दर्शन

"आवाजाला म्हातारपण नसतं! माणूस जातो, आवाज उरतो!" अप्पाजींनी आरशासमोर जाहीर केलं. कवळी अजून पेल्यातच होती, त्यामुळे हे महावाक्य फक्त गोदावरीबाईंना कळलं. संसारात त्यांना याची सवय झाली होती.

"आधी दात घाला, मग अमर व्हा," त्या म्हणाल्या. "रिक्षावाला खाली हॉर्न मारायलाय."

अप्पाजी म्हणजे एके काळचा रेडिओवरचा दुपारचा मराठी आवाज. उभी हयात त्यांनी एका बंद खोलीत, काचेकडे बघत लोकांची करमणूक केली. लोक मात्र कधी दिसले नाहीत. आपलं बोलणं ऐकताना माणसाचा चेहरा होतो तरी कसा, हे एकदा डोळ्यांनी बघायचं राहून गेलं होतं. म्हणून दाजीबानपेठेतल्या मंडळानं सत्काराला बोलावलं, तेव्हा शालीबद्दल अवाक्षर न काढता त्यांनी एवढंच विचारलं होतं, "श्रोते येणार ना?"

श्रोते भरपूर आले. अध्यक्ष श्रीकांतशेठ कापडाचे व्यापारी; शाल पांघरवताना ती धुवायची कशी हे सांगायला ते विसरले नाहीत. मग अप्पाजी माइकपुढे उभे राहिले, "नमस्कार" म्हणाले, समोर पाहिलं आणि पुन्हा "नमस्कार"च म्हणाले. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी तर चष्मा पुसून पुन्हा लावला.

"सुरू करा की ओ, अप्पाजी," श्रीकांतशेठ कुजबुजले.

"शेठ, ही माणसं माझ्याकडं बघायलेत."

"मग काय भिंतीकडं तोंड करून बसवू?"

"तसं नव्हे. बंद खोली असली म्हणजे सुचतं हो मला."

गिऱ्हाइकाला हवं ते नसलं, तर त्याच्या जवळपासचं काढून दाखवायचं, हा शेठजींचा धर्म. व्यासपीठाला लागूनच गाद्यांची खोली होती आणि माइकची वायर तिथवर पोचत होती. अप्पाजींना गाद्यांच्या ढिगात बसवून दार ओढून घेतलं.

आणि काय सांगावं! ना माणूस, ना घुमणारा आवाज, अगदी स्टुडिओच. अप्पाजी खुलले. तबलजी आला नव्हता तेव्हा आपणच टेबल बडवून वेळ कशी निभावली, तो किस्सा त्यांनी रंगवला. बाहेर कुजबूज झाली. 'भारावले,' अप्पाजींनी ताडलं. मग खुर्च्या सरकल्या. 'उठून उभे राहिले!' त्यांचे डोळे भरून आले. मग मात्र ताटांचा खणखणाट झाला. त्याचा अर्थ काही केल्या लागेना. माइकवर हात ठेवून त्यांनी दार किलकिलं केलं.

सभागृहात पंगत बसली होती. बोलता बोलता लोक चित्रान्नाचा पिवळा भात कालवत होते. एक गृहस्थ भिंतीला टेकून शांत झोपले होते. दाराजवळच गोदावरीबाई लोणचं चाखत होत्या.

"अगं, हे काय?"

"काय म्हणजे? दुपारी रेडिओवर हा आवाज आला की जेवायचं, हे साऱ्या पेठेच्या पोटाला ठाऊक. त्या आजींनी आधी विचारलं, ताट कुठाय म्हणून. मग कोण थांबतंय?"

"आणि माझं भाषण?"

"चालू आहे की! कुणी बंद करा म्हणालं काय?"

"म्हणजे इतकी वर्षं लोक असंच..."

"मी तर पापड लाटायची," गोदावरीबाई निर्मळपणे म्हणाल्या.

अप्पाजींनी पुन्हा नीट पाहिलं. खोलीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्या आजीबाई मात्र घास चावता चावता, भाषण थांबलंय हे न कळून, मान डोलावत होत्या. तर हे श्रोते! आपले, अस्सल, नेहमीचे. अप्पाजींची छाती फुगली. दार लावून ते गाद्यांवर परतले आणि आयुष्यात लावला नव्हता असा स्वर लावला.

"मंडळी, आज मला कृतार्थ वाटतंय! कलावंत आणि रसिक यांच्यामध्ये जे अतूट..."

दार उघडलं. वाढपी दुर्गव्वा साराची बादली घेऊन उभी होती.

"अण्णा, आवाज जरा बारीक करा की. सार कुणाला पाहिजे, ते ऐकू येईना झालंय."