मिशीवाला मॉनिटर

आता कॉम्प्युटरच्या पडद्याला मॉनिटर म्हणतात. आलापल्लीकडच्या आमच्या गावानं मात्र मॉनिटर पन्नासच्या दशकातच पाहिला होता, आणि त्याला चांगल्या झुपकेदार मिशा होत्या!

त्याचं नाव लटारू. प्रौढांच्या साक्षरता वर्गात गुरुजींनी त्याला मॉनिटर नेमलं, तेव्हा त्यानं विचारलं, "मॉनिटर म्हंजे काय जी?"

"शब्द मूळ लॅटिन आहे, लटारूभाऊ. अर्थ, सावध करणारा."

"मंग त्या कामात मले तोड नाई!" लटारूनं मिशीला पीळ भरला.

"घरी बैल सुटला तरी घोरत राह्यते!" बायकांच्या रांगेतून त्याची बायको कमळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते. वर्ग भरलेला दिसला नाही तर कायमचा बंद! वर्ग गेला की लटारूची मॉनिटरकीही गेलीच!

म्हणून साहेब यायच्या दिवशी दुपार कलताच तो शिवेवर जाऊन उभा राहिला. जीपची धूळ दिसली. आता साऱ्यांना एकदम सावध कसं करावं? शेतातल्या मचाणाला रॉकेलचा रिकामा डबा टांगलेला होता. लटारूनं तो जीव खाऊन बडवला. "आले! आले! सावध व्हा!"

आता आमच्या गावात डबा बडवण्याचा अर्थ आजोबा-पणजोबांपासून एकच, वाघ आला!

वर्ग क्षणात रिकामा! बाया घरात शिरल्या, दारांना आगळा लागल्या. बाप्ये दिसेल त्या झाडावर. नागपूरचे गुरुजी तर धोतरासकट आंब्यावर!

जीप त्या आंब्याखालीच थांबली. "वर्ग कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"वर या साहेब, वाघ!" आंबा ओरडला.

साहेब बुटांसकट गुरुजींच्या शेजारी!

लटारू धापा टाकत पोचला. "वाघ नाई जी, साहेब आले!"

कमळानं दार किलकिलं केलं. "मंग डबा काऊन बडवला?"

"मॉनिटर आहो ना मी!"

साहेबांनी फांदीवरून सभोवार पाहिलं. झाडाझाडावर माणूस आणि प्रत्येकाच्या छातीशी पाटी!

"वाघ आला तरी पाटी सोडली नाही?"

"सरकारी पाटी आहे साहेब," शेजारच्या झाडावरून पोचू नावाचा विद्यार्थी म्हणाला. "फुटली तर गुरुजी वाघापेक्षा वाईट!"

साहेब इतके हसले की फांदी करकरली. "वर्ग चालू ठेवा!"

लटारूचा जीव भांड्यात पडला. झाडावरून उतरताना एक पाय जीपच्या बॉनेटवर टेकत साहेब पुढे म्हणाले, "फक्त मॉनिटर बदला."

दुसऱ्या दिवसापासून मॉनिटर कमळा. लटारू म्हणे, "त्यात नवीन काय? घरी तर लग्नापासूनच आहे!" पण हे तो ती पाणी भरायला गेली की म्हणे.