एक पाय रेषेबाहेर

मी अकरा वर्षं एकच हॉकी सामना खेळले, आणि तो अजून संपलेला नाही.

माझं नाव जयमाला मुळीक. भारतीय महिला संघातून मी एकशे अकरा आंतरराष्ट्रीय सामने पूर्ण केले. हा एकशे बारावा. आमच्याच जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात तेव्हा नवं निळं टर्फ अंथरलं होतं आणि उद्घाटनाच्या सामन्यासाठी परदेशी संघ बोलावला होता. शेवटची तीन मिनिटं उरली होती, एक-एक अशी बरोबरी होती आणि आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यात एक खेळाडू गोलच्या बाजूला, मैदानाच्या मागच्या रेषेवर बॉल ठेवते आणि समोर उभ्या असलेल्या मैत्रिणींकडे ढकलते. ढकलताना तिचा एक पाय रेषेबाहेर असावाच लागतो. आमच्या संघात हे काम माझं होतं. एक पाय आत, एक बाहेर ठेवून मी वाकले, आणि तेवढ्यात माइकवरून घोषणा झाली की प्रमुख पाहुण्यांचं हेलिकॉप्टर दिवसाउजेडी उडायला हवं, म्हणून बक्षीस समारंभ आधी उरकून घेऊ, उरलेला खेळ नंतर.

पंचांनी घड्याळ थांबवलं. आमच्या मॅनेजर फडतरे मॅडम धावत माझ्याकडे आल्या. "जया, तू बॉलपाशीच थांब. बॉल हलला तर नंतर वाद घालत बसतील. दहा मिनिटांत येतो आम्ही." मी थांबले. बाकीच्या व्यासपीठाकडे गेल्या. पाहुण्यांनी दोन्ही संघांतल्या एकेकीशी हस्तांदोलन केलं. दोन्ही कर्णधारांनी चषकाचा एकेक कान धरून फोटो काढला. मग पाहुणे चाळीस मिनिटं महिला सक्षमीकरणावर बोलले. नंतर हेलिकॉप्टर उडालं, बस सुटल्या, मांडववाले खुर्च्या घेऊन गेले. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही.

पुढे निर्णय झाला तो असा. ज्यांचं पाहुण्यांशी हस्तांदोलन झालं त्यांचा सामना पूर्ण झाला, कारण पाहुण्यांनी अपूर्ण सामन्यातल्या खेळाडूंचं अभिनंदन केलं असं नोंदवणं शिष्टाचारात बसत नव्हतं. माझं हस्तांदोलन झालं नव्हतं, म्हणून माझा सामना चालू राहिला. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो घेईपर्यंत खेळाडू बदलता येत नाही, हा तर खेळाचाच नियम आहे. आणि पंचांच्या शिट्टीशिवाय मला बॉल ढकलता येईना. दोन्ही पंच आपापल्या देशी परतले होते. त्यांना पत्र गेलं, पण ते योग्य मार्गाने गेलं, त्यामुळे वाटेतच आहे. पाहुण्यांना बोलवा असंही मी कळवलं. ते पुढच्याच निवडणुकीत पडले होते, आणि पडलेल्या माणसाचा हात ग्राह्य धरता येत नाही असं उत्तर आलं.

बाकीच्या गोष्टी मी कशा करायचे, हे लोक फार विचारतात. ते विचारू नये.

मागच्या रेषेपर्यंतची जमीन क्रीडा कार्यालयाची आणि रेषेपलीकडची नगरपरिषदेची. पहिल्या पावसाळ्यात माझ्या आतल्या पायासाठी ताडपत्री मंजूर झाली. बाहेरच्या पायाचा प्रस्ताव नगरपरिषदेत आहे. डास मारायचा धूर बाहेरच्या पायाला मिळायचा, आतल्याला नाही. मला पाहायला एक स्थळ आलं, चांगलं होतं, बँकेतला मुलगा. त्याच्या वडिलांनी घड्याळ बघत विचारलं, "अजून किती वेळ?" मी खरं तेच सांगितलं. त्यांनी कांदेपोहे खाल्ले आणि गेले.

आई रोज डबा आणायची. "जया, पायाला मुंग्या आल्या असतील गं. जरा टेक की. कोन बघतंय?"

"टेकले तर मैदानात बसली म्हणून लिहितील, आई."

"लिहू देत मुडद्यांना. इतकी वर्सं हुबी ऱ्हायलीस ते कुनी लिवलं?"



त्या टर्फवर रोज सकाळी शाळेच्या मुली खेळायच्या. मी जागेवरूनच त्यांना ओरडून ओरडून शिकवायला लागले. स्टिक कशी धरायची, कंबरेतून कसं वाकायचं, समोरचीच्या पायांकडे बघून बॉल कुठे जाणार हे कसं ओळखायचं. आठजणी राज्य संघात गेल्या. प्रमाणपत्रांवर मार्गदर्शक म्हणून खाडे सरांचं नाव आलं. शाळेचे क्रीडाशिक्षक खाडे सर कडेच्या चिंचेखाली पेपर वाचायचे. मी तक्रार केली तेव्हा कळलं की चालू सामन्यातल्या खेळाडूला कडेच्या मुलींना मार्गदर्शन करण्याची मनाई आहे, आणि मी ते केल्याबद्दल मलाच ताकीद मिळाली. तो कागद मी फाडला नाही. फाडायला हात लागतात आणि माझे दोन्ही हात स्टिकवर होते.

अकराव्या वर्षी संकुलातच मुलींचं क्रीडा वसतिगृह सुरू झालं आणि प्रशिक्षकाच्या जागेची जाहिरात निघाली. वयाची अट अडतीस. एकतीस मेपर्यंत रुजू व्हायचं होतं, आणि जूनच्या चार तारखेला मला अडतीस पूर्ण होणार होती. मी एका मुलीकडून अर्ज लिहवून पाठवला. आयुष्यात मला दुसरं काही येत नाही, आणि हे मला फार चांगलं येतं.

एकतीस मेला सकाळी नऊ वाजता क्रीडा अधिकारी कुंभोजकर साहेब फाइल घेऊन स्वतः रेषेवर आले.

"मॅडम, तुमची पात्रता सर्वोत्तम आहे. अडचण एकच. तुम्ही सध्या मैदानात आहात."

"एकच पाय."

"एक असला तरी नियमानं मैदानातच."

"मग ताडपत्री अर्धी का दिली?"

"तो वेगळा विषय आहे." साहेबांनी घाम पुसला. "ही जागा आज भरली नाही तर खाडेंना द्यावी लागेल. मलाही वाईट वाटतं हो. पण माझ्याकडे चार तालुक्यांचा अतिरिक्त कार्यभार आहे. बंद पडलेल्या जलतरण तलावाचाही आहे. कालच ग्रंथालयाचा घेतला. कुठं कुठं बघू?"

खाडेंचं नाव ऐकून माझं डोकं सणकलं. त्या मुली त्या माणसाच्या हाती जाणार, हे मला सहन होईना. पण रागातही माझे कान शाबूत होते.

"साहेब, खेळाडू बदलायला मनाई आहे," मी म्हटलं. "कार्यभार सोपवायला आहे का?"

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या चाळलं. कुठेही तसं नव्हतं. खेळाडू बदलू नये, एवढंच होतं. अतिरिक्त कार्यभाराने खेळाडू बदलत नाही, मूळ पद तसंच राहतं, हे कुंभोजकर साहेबांनीच मला समजावून सांगितलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही कार्यभार नाकारला नव्हता. त्यांनी फाइलमधून छापील नमुना काढला आणि रिकाम्या जागी सुवाच्य अक्षरात 'पेनल्टी कॉर्नर, एक नग' असं लिहिलं. देणार म्हणून मी सही केली, अकरा वर्षांत पहिल्यांदा एक हात सोडून. घेणार म्हणून त्यांनी केली. वेळ, मध्यान्हपूर्व.

"मी अधूनमधून चक्कर मारत जाईन," ते म्हणाले.

"तसं चालणार नाही. तलावाला पाय नसतात, साहेब. इथे एक आत लागतो, एक बाहेर."

त्यांनी स्वतःची सही पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि माझ्या हातून स्टिक घेतली. वाकायला त्यांना जड गेलं. कंबरेतून वाका, असं मी सांगितलं.

चालताना माझे पाय दोन वेगळ्या माणसांचे असल्यासारखे पडत होते. वसतिगृह दोनशे पावलांवर आहे. मी साडेअकराला रुजू झाले. आई डबा घेऊन रेषेवर गेली, तिथे साहेब दिसले म्हणून त्यांना अर्धी भाकरी देऊन इकडे आली.

आता बरं चाललं आहे. मुली बत्तीस आहेत. मी त्यांच्याबरोबर धावते. सराव पलीकडच्या गोलवर घेते, कारण अलीकडच्या गोलपाशी सामना चालू आहे. तिथे मुलींनी मोठ्याने बोलू नये अशी सूचना आहे, ती आम्ही पाळतो.

सप्टेंबरात हॉकी संघटनेची खेळाडूंची नवी यादी आली. एकशे बारावा सामना माझ्या नावावरून काढून कार्यभार धारण करणाऱ्याच्या नावावर टाकला होता. भारतीय महिला हॉकी संघातल्या खेळाडूंमध्ये आता श्री. कुंभोजकर यांचं नाव आहे, पुढे कंसात फक्त 'प्रभारी'. वर्तमानपत्रात 'पंचावन्नाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय पदार्पण' अशी बातमी आली. जिल्ह्यातर्फे सत्कार ठरला. मुलींना टाळ्यांसाठी घेऊन या, असं मला पत्र आलं. मी घेऊन गेले. शाल त्यांच्या अंगावर रेषेवरच घातली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा राग नाही. तो ऊन-पावसात उभा आहे. मला राग आहे तो ज्या कोणी ही यादी टंकलिखित केली त्याचा, आणि ज्याने ती तपासली त्याचा, आणि ज्याने तिच्यावर 'बरोबर' अशी खूण केली त्याचा. त्या अकरा वर्षांत मी बॉल हलू दिला नव्हता.

परवा वसतिगृहाच्या लिपिक शेडगेबाई माझं सेवापुस्तक भरत होत्या. यादी समोर ठेवून त्यांनी लिहिलं, सामने एकशे अकरा.

"पुढे लिहा," मी म्हटलं. "आणि अकरा वर्षं."

"मॅडम, वर्षांना इथं रकाना नाही."

मी त्यांच्या टेबलावरची पट्टी उचलून त्यांच्या हातात दिली.

"मग आखा."