भालेरावकाकांचं बिनहुकमी राज्य

आमच्या वरच्या मजल्यावरचे शांतवन भालेराव रिक्षावाल्याला कधी ‘डावीकडे घे’ म्हणून सांगत नाहीत. ते म्हणतात, ‘‘भैया, बाईं तरफ भी एक रास्ता है, आप विचार कर लीजिए.’’ रिक्षावाला विचार करतो आणि सरळ जातो. एकदा मी त्यांच्याबरोबर गाझियाबाद स्टेशनवरून घरी यायला निघाले आणि आम्ही पार दिल्लीत, शाहदऱ्याला पोचलो. काकांनी शांतपणे भाडं दिलं. ‘‘त्याचा निर्णय होता, सुधा. चुकायची मुभा नसेल तर ते स्वातंत्र्य कसलं?’’ मे महिना होता आणि माझ्या पिशवीत दूध होतं, त्यामुळे मी स्वातंत्र्याबद्दल काही बोलले नाही.

या सगळ्याचं मूळ नोकरीत आहे. काका एका मंत्रालयात अवर सचिव होते. तिथलं प्रत्येक पत्र ‘मला असे कळवण्याचे निर्देश आहेत की’ असं सुरू व्हायचं. आयुष्यभर ते वाक्य लिहून लिहून माणसाचं डोकं फिरणारच. निवृत्तीच्या समारंभात, गळ्यात हार असतानाच त्यांनी जाहीर केलं, की यापुढे मी कुणाचे निर्देश घेणार नाही आणि कुणाला देणारही नाही. लोक मधुमेह झाला की साखर सोडतात, काकांनी हुकूम सोडला. चर्चच्या पाळकांनाही त्यांनी सुचवलं, की दहा आज्ञांना दहा सूचना म्हणता येईल का ते पाहावं. पाळकांनी अजून काही कळवलेलं नाही.

घरापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण आमच्या सोसायटीत अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून आम्ही काकांना बसवलं आणि कोपऱ्यावरच्या बाकावर रोज संध्याकाळी राज्यशास्त्राचा तास सुरू झाला. काकांचं म्हणणं असं, की ज्या राज्यात पाट्या लागतात त्या राज्यातला सद्गुण संपलेला असतो. त्यांनी बागेतली ‘फूल तोड़ना मना है’ ही पाटी काढली आणि तिथे ‘फूल तोड़ें या न तोड़ें, कृपया विचार करें’ अशी लावली. आठवड्याभरात बागेत एक फूल उरलं नाही. काका खूश होते. लोकांनी विचार केला हे महत्त्वाचं, निष्कर्ष काय निघाला हा पुढचा प्रश्न, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

पाण्याची मोटर बंद करायचं काम त्यांनी सर्वांवर सोपवलं, म्हणजे कुणावरच नाही. टाकी वाहायला लागली, पाणी जिन्यावरून खाली आलं. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले आणि नागरिकांचा विवेक जागा होण्याची वाट पाहू लागले. तो तळमजल्यावरच्या खन्ना आंटींचा जागा झाला, कारण त्यांचा गालिचा भिजला. त्यांनी मोटर बंद केली आणि काकांना अशा काही शिव्या घातल्या, की मला पंजाबीतले चार नवे शब्द कळले. काका कौतुकानं ऐकत होते.

एवढं होऊनही ते अध्यक्षपदावर राहिले. त्यांना काढायचं तर सभा बोलवायला हवी, ती अध्यक्षानं बोलवायची, आणि सभेला या म्हणणं काकांना हुकूम वाटायचा.

मला या सगळ्याची गंमत वाटत होती, ती सरोजकाकूंच्या छातीत दुखायला लागेपर्यंत. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करायला हवं, नाहीतर फार दिवस नाहीत. काकू म्हणाल्या, नको. दोघांना मूलबाळ नाही, तेव्हा समजवायला घरात एकटे काकाच. त्यांनी काकूंना समोर बसवलं, ऑपरेशनचे फायदे सांगितले, मग न्याय व्हावा म्हणून तोटेही सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. काकूंनी ऐकून घेतलं आणि कुकर लावायला गेल्या.

मी काकांवर भडकले. ‘‘तुम्ही त्यांना ठणकावून सांगत का नाही?’’

‘‘तिचा देह आहे, सुधा. तिथं तिचंच राज्य.’’

असलं स्वातंत्र्य चुलीत घाला, असं मी तोंडावर म्हणाले आणि काकूंकडे स्वयंपाकघरात गेले. त्या कोथिंबीर निवडत होत्या. हातातली जुडी संपवली. मग म्हणाल्या, ‘‘ऑपरेशनला मी भीत नाही गं. पण मी राहावं असं ह्यांना वाटतं की नाही, तेच मला कळत नाही. कधी अमुक साडी नेस म्हणाले नाहीत, माहेरी जाऊ नको म्हणाले नाहीत. आता मर म्हणत नाहीत आणि जगही म्हणत नाहीत.’’

मी बाहेर आले आणि काकांना ते शब्दन् शब्द सांगितलं. चहाडी म्हणा हवं तर. काकांचा चेहरा एकदम एवढासा झाला. स्वातंत्र्य दिलं म्हणजे सगळं दिलं, असं या भल्या माणसाला खरोखर वाटत होतं. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले.

‘‘सरोज, माझ्यासाठी करून घे. मला एकट्याला नाही जमणार.’’

काकूंनी मान वर केली नाही. ‘‘मग इतके दिवस काय तोंड शिवलं होतं?’’ एवढंच म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना नर्सनं काकूंचा चष्मा काढून काकांच्या हातात दिला. काका बाहेरच्या बाकावर बसून शर्टाच्या टोकानं तो पुसत राहिले. मी डबा उघडून दिला, तो तसाच राहिला. बाहेर आली की तिला नीट दिसायला हवं, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी डोळे नीट उघडले. काकांनी काही न विचारता तो चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. काकूंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाल्या, ‘‘कालपासून जेवला नाहीत. जा, आधी जेवून या.’’

‘‘जातो,’’ काका म्हणाले आणि लगेच उठले.