रांगेत मारा, शांतता राखा

या मंडळी, जवळ सरका. देवाचं नाव घ्या, पाय सैल सोडा. आज एका सज्जनाची गोष्ट सांगतो. हा सज्जन चष्मे बनवायचा आणि सुटीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्याला पंच म्हणून उभा राहायचा.

देवाकडे त्याचं मागणं एवढंसंच : एकदा तरी सामना संपल्याची शिट्टी आपल्या तोंडून वाजू दे. कारण सामना संपायच्या आधीच प्रेक्षक मैदानात उतरत आणि पंच स्ट्रेचरवर चढे. "आंधळ्या, चष्मा लाव!" म्हणून ओरडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या नाकावरचे चष्मे त्यानेच बसवलेले असत.

अखेर क्रीडा-हिंसा निर्मूलन समिती नेमण्यात आली. तिने हिंसेचा मुळापासून अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की, जिथे जिथे पंचाला मार बसला, तिथे तिथे पंच स्वतः हजर होता.

"म्हणजे मी येऊ नको?" चष्मेवाल्याने विचारलं.

"छे छे! तुम्ही नसाल तर लोक एकमेकांना मारतील," अध्यक्ष कळवळून म्हणाले. "प्रश्न माराचा नाहीच हो, गोंधळाचा आहे. शिस्त नाही, रांग नाही. मागे उभ्या असलेल्या बिचाऱ्यांच्या वाट्याला काही येतच नाही!"

सबब असे ठरले की, सामन्याआधी प्रेक्षकांनी रांगेने येऊन पंचास एकेक चापट मारावी व राग मोकळा करून जागेवर बसावे. जमावाने मारणे ही हिंसा. रांगेने मारणे हा उपक्रम. पंचाचे चुकीचे निर्णय अद्याप व्हायचे असल्याने ते झाले असे गृहीत धरण्यात यावे.

"अहो, नाही म्हणा ना," बायको त्याची पाठ शेकत म्हणाली.

"अगं, पण सामना शेवटपर्यंत चालेल म्हणतात. शिट्टी वाजवायला मिळेल."

"वाजवायला तोंड शिल्लक ठेवा म्हणजे झालं!"

सामन्याच्या दिवशी रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. बायकांची वेगळी, म्हाताऱ्यांना खुर्च्या. "जबडा सांभाळा हं, गालावर मारा," असं दातांचे डॉक्टर प्रत्येकाला बजावत होते. मग त्यांचाही नंबर आला. एक बाई म्हणाल्या, "भाऊ, काच सैल झालीय, उद्या दुकानात येते," आणि ठेवून दिली. एक गृहस्थ तर म्हणाले, "मी फुटबॉल बघत नाही हो. रांग दिसली, उभा राहिलो."

मध्ये घुसणाऱ्या एकाला रांगेने बेदम चोपलं. पण तो पंच नसल्याने ही बाब समितीच्या कक्षेत येत नव्हती. "आम्ही काय पाप केलंय?" म्हणत दोन्ही संघही रांगेला लागले.

राग निघाला, अंगं हलकी झाली. आता ऊन खात खेळ कोण बघणार? प्रेक्षक घरी गेले. बघायला कुणी नाही म्हटल्यावर खेळाडूही गेले. मैदानात उरला चेंडू, पायऱ्यांवर बायको आणि मधोमध चष्मेवाला. पण माणूस नियमाचा पक्का! त्याने चेंडू मध्यावर ठेवला, पूर्ण वेळ होऊ दिला आणि सुजलेल्या ओठांनी शिट्टी फुंकली. आधी नुसती फुस्स, मग एक बारीकसा सूर. बायकोने एकटीने टाळ्या वाजवल्या आणि पदराला डोळे पुसले.

समितीच्या अहवालात नोंद झाली : 'हिंसेच्या घटना : निरंक.' अध्यक्षांचा सत्कार ठरला.

हसलात? हसा. तुम्ही मारलं नसेलच, माहीत आहे मला. तुम्ही फक्त पुढच्याला म्हणालात, "आटपा लवकर, मागे आम्हीपण आहोत." तर मायबापहो, एवढंच करा. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या चष्मेवाल्याची आठवण काढा. आणि हात जोडण्याआधी तळवा एकदा निरखून बघा. लाल दिसलाच, तर चष्म्याला दोष देऊ नका.