भुजंगअण्णांचे दिवे

सकाळी मी ऑफिसात येऊन टेकले, की थोड्या वेळाने भुजंगअण्णा दारात येऊन उभे राहत आणि माझ्या तोंडाकडे अजिबात न बघता विचारत, "ताई, तब्येत नरम हाय का? दिवा मंद चालून राह्यला तुमचा."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी नवीन होते. हा माणूस कुठल्या तरी महाराजांच्या नादी लागलेला असावा आणि आपल्या प्राणज्योतीबद्दल बोलत असावा, असं समजून मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. बरं, डोकं खरोखरच दुखत होतं. त्यामुळे आणखीच घाबरले.

खरा प्रकार नंतर कळला. जालन्यातल्या बियाण्यांच्या एका कंपनीत मी डिस्पॅचला होते. प्रत्येकाच्या टेबलावर कॉम्प्युटर, आणि सगळ्यांच्या वायरी आतल्या खोलीत गेलेल्या. ती पूर्वी बियाण्यांच्या सॅम्पलची खोली होती. तिथे सर्व्हर होता, आणि शेजारी सगळ्या वायरी ज्यात येऊन मिळायच्या तो हब नावाचा एक डबा. डब्यावर प्रत्येक वायरीचा एक हिरवा दिवा. माणूस काम करू लागला की त्याचा दिवा लुकलुकायचा, थांबला की दिवा स्थिर. भुजंगअण्णा या खोलीचे मालक. दिवसभर त्या दिव्यांसमोर बसत आणि आमची खबरबात तिथूनच घेत.

अकाउंट्सचे दीक्षित तर त्यांना वचकून असत. समोर फायली पसरून, कपाळाला आठ्या घालून दीक्षित स्क्रीनकडे बघत बसले, की साहेबांना वाटायचं काय मर मर काम करतोय हा माणूस. तेवढ्यात अण्णा येऊन शांतपणे म्हणत, "दीक्षितसाहेब, कवाधरनं दिवा हलला न्हाई तुमचा. लागले का स्क्रीनवरचे पत्ते?"

अण्णा भोकरदनकडचे. वडील मेंढरं राखायचे. अंधारात नुसत्या खोकल्यावरून कुठलं मेंढरू आजारी आहे हे ते ओळखत, असं अण्णा अभिमानाने सांगायचे. आता आम्ही त्यांचा कळप झालो होतो, हे मी दीक्षितांना कधी बोलून दाखवलं नाही.

अण्णांचा एक नियम मात्र फार कडक होता. नेटवर्कवर बिनकामाचा भार टाकायचा नाही. दीक्षितांनी एकदा साहेबांच्या मशिनवरून जुन्या सिनेमांची गाणी आपल्या मशिनवर ओढायला घेतली. अण्णांनी त्यांची वायर काढली, गुंडाळली आणि संध्याकाळपर्यंत खिशात घालून फिरले. दीक्षित मागे मागे. "भार हा भार असतो," अण्णा म्हणाले, "गाण्याचा असो का बिलाचा. उगी कशाला टाकायचा?"

बोलणं एवढंच. एरवी अण्णा गप्प. जेवायलाही आमच्यात येत नसत. डबा घेऊन खोलीत जात आणि दार लोटून घेत. माणूसघाणा आहे, असं आमचं सर्वांचं एकमत होतं.

मग सर्व्हरचं नेटवर्कचं कार्ड, म्हणजे हबकडून आलेली वायर ज्यात खोचलेली असते ते, बिघडलं. म्हणजे बिघडलं आहे की नाही यावरच वाद सुरू झाला. एकट्यादुकट्याने काम केलं तर सगळं झकास. पण मृगाच्या तोंडावर बियाणं न्यायला डीलर येऊन धडकले, सगळ्या टेबलांवर एकदम बिलं निघू लागली, की सर्व्हर जागच्या जागी हँग. सगळे दिवे टक्क उघडे, एकही हलत नाही. बाहेर ट्रक उभे, आत डीलर आमच्या नावाने शंख करतायत. बंद करून चालू केलं की पुन्हा शहाण्यासारखं वागायचं.

औरंगाबादहून इंजिनिअर आला. त्याने एका मशिनवर बसून तपासलं, चहा घेतला, "यात काही प्रॉब्लेम नाही" म्हणाला आणि गेला. साहेब वैतागले. त्यांनी सांगून टाकलं, की हे आठवड्यात सुधारलं नाही तर सगळ्या वायरी काढायच्या आणि पूर्वीसारखी फ्लॉपी घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर पळायचं. आणि वायरी गेल्यावर अण्णांचं इथे काय काम? त्यांची बदली बदनापूरच्या गोडाऊनला.

पगार तोच, वर राहायला खोली. दीक्षित म्हणाले, सुटला म्हातारा. पण अण्णांचा चेहरा असा उतरला, की मला पहिल्यांदाच त्यांचा दिवा बघावासा वाटला.

ते इरेला पेटले. वायर बदलली, कार्ड बदलून पाहिलं, दुखणं तेच. "कार्ड म्हणजे सर्व्हरचं तोंड," त्यांनी मला समजावलं, "आन् ड्रायव्हर म्हणजे त्या तोंडाला बोलायला शिकवणारा प्रोग्राम. तोंड नवं आणलं, मास्तर जुनाच हाय. सगळे येकदम बोलले की त्यो गडबडतो." औरंगाबादच्या एका मित्राकडून त्यांनी निरनिराळे ड्रायव्हर फ्लॉपीवर आणवले. आता कुठला टिकतो हे बघायचं तर भार पाहिजे. सगळ्यांनी एकाच क्षणी मोठं काम सोडायचं.

दुपारी अण्णांनी सर्वांना आपापल्या टेबलाशी बसवलं, गेटपासच्या मशिनवर शिपाई गणपतलासुद्धा. आधी जुन्याच ड्रायव्हरवर हँग करून दाखवायचं होतं. आतून ओरडले, "हां, दाबा एंटर!" आम्ही दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. सर्व्हर ठणठणीत. साहेब म्हणाले, "बघा, इंजिनिअर बरोबरच होता." अण्णा खोलीतून बाहेर आले ते कपाळाला हात लावूनच.

"साहेब, भार पडलाच न्हाई. म्या दिवे बघितले ना. आधी तुमचा हलला. मंग दीक्षितसाहेबांचा. मंग ताईंचा. शिपाई गणपतचा सगळ्यात शेवटी. मानपान करून राह्यलेत सगळे."

खरं होतं ते. साहेब समोर बसलेले असताना त्यांच्या आधी एंटर दाबायचा, हे आमच्या हाताला जमलंच नव्हतं. दीक्षितांनी तर मान तिरकी करून साहेबांचं बोट खाली गेल्याची खात्री करून घेतली होती, आणि मी दीक्षितांची. डीलर बोंबलत असले की ही रीतभात कुणाला सुचत नाही, म्हणून तेव्हा कार्ड बरोबर बंद पडायचं.

 अण्णा म्हणाले, "पंगत करू. पंगतीत कुणी कुणासाठी थांबतं का? पुकारा झाला की समद्यांचा हात येकदम ताटात."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी खोलीतून आवाज दिला, "नमः पार्वतीपते..." आणि सबंध ऑफिस ओरडलं, "हर हर महादेव!" साहेबांसकट सगळ्यांची बोटं एकदम पडली. त्याच वेळी परतूरचा एक डीलर आत येत होता. त्याने चपला बाहेर काढल्या आणि हात जोडून कोपऱ्यात उभा राहिला.

कार्ड जागच्या जागी बंद पडलं. सगळे दिवे स्थिर. कंपनीचा सर्व्हर बंद पडल्याचा आनंद झालेला मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे अण्णा. मग फ्लॉपीमागून फ्लॉपी, पंगतीमागून पंगत. घसा बसला आमचा. शेवटी एका ड्रायव्हरवर महादेवाचा गजर झाला आणि अण्णांची हाक आली, "नाचून राह्यलेत! बिलकुल थांबंनात!" साहेबांनी पुन्हा पुन्हा गजर करवला. कार्डाने सगळा भार झेलला. बदनापूर टळलं.

हंगाम संपल्यावर साहेबांनी ऑफिसात जेवण दिलं. अण्णा आले नाहीत. मी शिऱ्याची वाटी घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

लाईट बंद होता. हबसमोर स्टूल, स्टुलावर डबा उघडलेला, आणि अण्णा हळूहळू भाकरी खात होते. सगळे दिवे स्थिर.

"या ताई. हा तुमचा," त्यांनी बोटाने दाखवलं, "हा साहेबांचा. शेवटचा गणपतचा. दिसभर कशी जत्रा असती. जेवायच्या टायमाला तेवढे गप होतात."

"मग बाहेर या ना, आमच्यात बसा."

"माणसात बसलं की बोलावं लागतं. ही व्हती तवर माझ्या वाटचं तीच बोलायची." ते वाटीकडे बघत म्हणाले. "घरी टीव्ही लावतो. पण त्याला काय ठावं, म्या समोर हाय का न्हाई. इथं बराबर हाय. बदनापूरला नुसती पोती. पोत्याला कुठला दिवा?"

 वाईट वाटलं, आणि माणूसघाणा म्हणून हसणाऱ्यांत मीही होते याची लाज वाटली. वाटी ठेवून मी परत आले.

दुसऱ्या दिवसापासून डबा खायला उठताना मी सर्व्हरवरची मागच्या हंगामाची सगळी बिलं माझ्या मशिनवर कॉपीला लावून जाऊ लागले. कामाचं काही नव्हतं त्यात. संध्याकाळी पुसून टाकायची, दुपारी पुन्हा लावायची.

चार-आठ दिवस गेले असतील. हात धुऊन येत होते, तर अण्णा माझ्या टेबलाशी उभे. स्क्रीनवर फायली भराभर उडत होत्या. आता वायर जाते खिशात, असं मला वाटलं.

"तुम्ही जेवायला गेल्तात न्हवं, ताई? मंग दिवा कसा चालून राह्यला?"

"जुनी बिलं आहेत. मोठी फाईल आहे, वेळ लागतो. रोज दुपारी लावावी लागेल."

अण्णा स्क्रीनकडे बघत राहिले. कशाला लावावी लागेल, हे त्यांनी विचारलं नाही. मग पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"लावा," ते म्हणाले. "भार झेलतंय आता कार्ड."