गांगुर्डे काकांच्या तारा

आमच्या शेजारच्या गांगुर्डे काकांकडे गेलात, तर चहापाण्याआधी ते तुम्हाला एका ठरावीक खुर्चीत बसवतील. खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा आहेत. त्याबाहेर सरकलात तर आवाज निसटतो म्हणे. मग स्पीकरमागची तार काढून दुसरी जोडतील, तेच गाणं पुन्हा लावतील आणि विचारतील, "पडला का फरक?"

काका आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवत. रिटायर होऊन नाशिकला आले. भद्रकालीतल्या वायरवाल्यांनी त्यांची धास्ती घेतली आहे, कारण काका तार घेतात मीटरभर आणि चौकशा करतात तासभर. घरात खुंट्यांवर कपड्यांऐवजी तारांची वेटोळी. प्रत्येकीला चिठ्ठी: 'गोड', 'हट्टी', 'लांबचं ऐकवते'. दूधवाला, गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, या खुर्चीतून कुणी सुटलेलं नाही. कुरियरवाला तर आता पार्सल खालूनच वर फेकतो.

मला मात्र तीन वर्षांत कधी फरक पडला नाही. माझा स्वभाव जरा वाकडाच. तोंडदेखलं हो म्हणवत नाही. "तुझे कान कच्चे आहेत, संजू," काका म्हणत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बोलावत.

गाणं नेहमी एकच, कॅसेटही एकच. इगतपुरीला राहत असताना रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेलं. त्या काळी घरोघर असंच भरत, आणि तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही असा दंडक असे. तरी दुसऱ्या कडव्यात एक बाई बोलतेच, "अहो, दूध बघा, उतू चाललंय." त्या काकू. मी इथे राहायला येण्याआधीच त्या गेल्या. "गाणं नासलं म्हणून दोन दिवस बोललो नव्हतो मी तिच्याशी," काका सांगत.

मागच्या रविवारी मी हट्टाला पेटलो. मोडक्या इस्त्रीची वायर घेऊन गेलो, काकांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि म्हटलं, "तारा मी बदलतो, तुम्ही ओळखा." सहा वेळा बदलल्या. सहाही वेळा काका चुकले. इस्त्रीच्या वायरीला तर 'गोड' म्हणाले. मी मनातून खूश झालो.

"तांबं ते तांबं," काका भिंतीकडे बघतच म्हणाले. "तीस वर्षं पोरांना हेच तर शिकवलं मी."

"मग हा सगळा खटाटोप कशाला?"

"ती कॅसेट एकट्याला ऐकवत नाही रे. आणि बायकोचा आवाज ऐकायला या, असं कुणाला म्हणणार? तारेचं म्हटलं की माणूस येतो, घटकाभर बसतो."

मला माझीच लाज वाटली. वायर हातात तशीच होती. ती खाली ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसलो, अगदी खडूच्या खुणेत.

"काका, मघाशी माझं सगळं लक्ष तारांकडे होतं," मी म्हणालो. "गाणं ऐकलंच नाही. 'हट्टी' लावून बघू या."

काकांनी तार जोडली आणि स्टूल ओढून शेजारी बसले. दुसरं कडवं आलं. काकूंनी दूध बघायला सांगितलं.

"पडला का फरक?"

"पडला," मी म्हणालो, आणि ते तोंडदेखलं नव्हतं.